पाठराखणीला बडोद्याला

पहिला दिवस

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि पंधरा दिवसांतच तिला घर आठवायला लागलं. घर म्हणजे बडोदे, दांडिया बाजार. वय चौऱ्याऐंशी. "मला नुसतं गाडीत बसवून द्या, उतरेन मी माझी," असं तिचं म्हणणं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा, हातात दोन पिशव्या. तिला एकटीला कोण पाठवणार? बँकेतून नुकता सुटलेला आणि घरात अडगळ झालेला मी, म्हणून सोबतीचं काम माझ्याकडे आलं. मी लगेच हो म्हटलं तेव्हा बायकोने संशयाने पाहिलं. तिला माहीत होतं, बडोद्यात मला आत्याशिवाय दुसरंही एक काम होतं.

मी प्लास्टिकची विमानं जोडतो. एकास बहात्तर मापाची, तळहातावर बसणारी. गेल्या पावसाळ्यात स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा एक डबा उघडला, तर डिकलच्या, म्हणजे चिकटवायच्या चित्रांच्या, कागदावर 'ओ-एन' ही अक्षरं होती. विमानाच्या अंगावर रंगवायची खूण. कोणाची, म्हणून शोधलं तर ब्रिटिश हवाई दलाचं १२४ क्रमांकाचं स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी. त्याचं अधिकृत नाव 'बडोदा स्क्वाड्रन'. मी चिमटा टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. माझ्या आत्याच्या गावचं नाव घेऊन इंग्लिश खाडीवर विमानं उडत होती, आणि चाळीस वर्षं दिवाळीला तिथे जाऊनही मला याचा पत्ता नव्हता.

रात्रीची गाडी. आत्या खालच्या बर्थवर, मी समोर. झोप दोघांनाही नाही. वसई गेल्यावर तिने विचारलं, "तुला माहित्ये का, मी नऊ वर्षांची असताना पाठराखीण म्हणून गेले होते?" चुलतबहिणीचं लग्न होऊन तिला इंदूरला दिलेलं. नवी नवरी सासरी एकटी कशी जाणार, म्हणून माहेरची कोणीतरी बरोबर द्यायची, तर ही परकरी पोर दिली. इंदूरला पोचल्यावर पहिल्याच रात्री हिने भोकाड पसरलं. नवरीने स्वतःचं रडणं सोडून हिला थोपटत बसावं लागलं. "चार दिवसांनी मला परत आणायला आणखी एक माणूस पाठवावा लागला," आत्या म्हणाली. "पाठराखणीला पाठराखीण."

पहाटे भरूचला नर्मदेचा पूल आला. आत्या उठून बसली, पदर सावरला, कमरेच्या बटव्यातून रुपया काढला. खिडकी बंद काचेची, वातानुकूलित डबा. तो रुपया तिने काचेला टेकवून नमस्कार केला आणि परत बटव्यात टाकला. "पुढच्या वेळी साध्या डब्यातून येऊ," म्हणाली. नदीवर धुकं होतं, पाणी दिसलंच नाही.

बडोदे स्टेशनवर उतरलो तेव्हा उजाडलं होतं. रिक्षावाल्याशी तिने गुजरातीत घासाघीस केली, मध्येच मला मराठीत दम दिला, आणि दोन्ही एका श्वासात. बडोद्याच्या मराठीचं हे मला फार आवडतं. "अरे बेस ने आता, कशाला माथाकूट करतोस!" यात कुठली भाषा कुठे संपते ते बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वाडा तसाच आहे. चौक, तुळस, जिन्याची तिसरी पायरी अजून डुगडुगते. शेजारच्या सूनबाईने चहा आणि सेव-उसळ आणून ठेवली होती. मी जेवून झोपलो तो चारला उठलो. त्या दिवसाचं एवढंच.

दुसरा दिवस

सकाळी सुरसागरला फेरी मारून राजवाड्यावर गेलो. लक्ष्मी विलास पॅलेस १८९० साली पुरा झाला; तिकीट काढायचं, कानाला यंत्र लावायचं आणि ते सांगेल तसं फिरायचं. शस्त्रं, दरबार हॉल, रंगीत काचा, सगळं पाहिलं. सयाजीरावांच्या नावाने बडोद्यात विटा-चुना सोडाच, हवासुद्धा भरलेली आहे आणि ते योग्यच आहे. पण मला हवे होते प्रतापसिंहराव, त्यांचे नातू. सयाजीराव गेले ६ फेब्रुवारी १९३९ ला. त्याच सप्टेंबरात युरोपात लढाई पेटली. म्हणजे नातवाने गादीवर बसून श्वास घेतला न घेतला तोच महायुद्ध दारात.

ब्रिटनमध्ये तेव्हा स्पिटफायर फंडाची लाट आली होती. पाच हजार पौंड भरा, एका विमानावर तुमचं नाव घाला, असा हिशेब. खरा खर्च त्याहून बराच जास्त होता, पण आकडा गोल आणि तोंडात बसणारा. गावं, कारखाने, शाळा, वसाहती, सगळे वर्गणी काढत होते. संस्थानिकांनी एकेक विमान काय, अख्खी स्क्वाड्रनं उचलली. हैदराबादच्या निजामाचं नाव लागलेली स्क्वाड्रनं होती, तसं गायकवाडांच्या देणगीवरून १२४ ला बडोद्याचं नाव लागलं. हे स्क्वाड्रन मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, कॅसलटाउन नावाच्या ठिकाणी नव्याने उभं राहिलं. वैमानिक ब्रिटिश आणि आणखी कुठकुठले. बडोद्याचा त्यांत कोणी असेल असं धरून चालू नका. पैसा इथला, नाव इथलं, माणसं तिथली.

राजवाड्यात याची खूण कुठेही दिसली नाही. पहारेकऱ्याला विचारलं तर त्याने मला बागेतली तोफ दाखवली.

मी जरा हिरमुसला होऊन घरी आलो. आत्या चौकात ऊन खात बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामंजी सांगायचे खरं, आपल्या गावाची विमानं आहेत म्हणून. आम्हाला वाटायचं, थापा." तिचे सासरे संस्थानात कारकून होते. त्यांच्या थापा प्रसिद्ध होत्या, त्यामुळे एक खरी गोष्ट त्यात फुकट गेली.

मग मी तिला स्क्वाड्रनच्या बिल्ल्याविषयी सांगितलं. चित्रात वाघ नाही, सिंह नाही, गरुड तर नाहीच. मुंगूस आहे! चालणारं मुंगूस. खाली इंग्रजीत ब्रीद, संकट हीच आमची संधी अशा अर्थाचं. आत्याला हे इतकं आवडलं की काळा चष्मा काढून ती खरंच हसली आणि म्हणाली, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, रामाची तुला शपथ!" लहानपणी परसात मुंगूस दिसलं की आम्ही सगळे हेच ओरडायचो. ते वळून पाही, म्हणजे पाहतच नसे बहुधा, पण आम्हाला तसं वाटे. सापाला भिडणारं, पण अंगाने मांजराएवढंही नाही असं जनावर लढाऊ विमानांना देणारा माणूस जो कोणी असेल त्याला दाद द्यायला हवी.

तिसरा दिवस

सेंट्रल लायब्ररीत सकाळ गेली. १९१० साली सयाजीरावांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून इथली ग्रंथालयं उभी केली. आतल्या मजल्यांची जमीन काचेची आहे, जाड, दुधी, वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरावा म्हणून. वर कोणी चाललं की खाली डोक्यावर चपलांच्या सावल्या सरकतात. मी पुस्तकं कमी आणि त्या सावल्या जास्त पाहिल्या. अंधारात कोण कुठे आहे ते फक्त तळव्यांवरून ओळखायचं. ढगांच्या वर कोण आहे हे खालच्या वैमानिकाला असंच कळत असेल, असं काहीतरी मनात आलं आणि मी वहीत लिहून ठेवलं. आता वाचताना फार कवितेसारखं वाटतंय, पण असू दे.

दुपारी शेजारचे काका आले. वायुदलात विमानांचं अंग दुरुस्त करणारे फिटर होते, वीस वर्षं मकरपुऱ्याला वगैरे काढून निवृत्त झाले. मूळचे सांगलीकडचे, लग्न बडोद्यात, त्यामुळे आता पक्के बडोदेकर. त्यांना माझ्या शोधाबद्दल आत्याने आधीच सांगून ठेवलेलं. "एस्कॉर्ट म्हणजे काय ते सांगा आधी याला," ती म्हणाली. एस्कॉर्ट म्हणजे सोबतीला, राखणीला उडणारी विमानं. वास्तविक मला माहीत होतं, पण तिला ऐकायचं होतं.

आत्याने फडताळातून जुना कापडी सारीपाट काढला आणि ओट्यावर पसरला. सहा चिंचोके, दहा कवड्या, मूठभर सुपारीची खांडं. अडकित्ता, पानाचा डबा आणि तिच्या चष्म्याचं घर ही तीन मोठी जहाजं. आणि मी १२ फेब्रुवारी १९४२ ची दुपार मांडायला बसलो.

अडकित्ता म्हणजे शार्नहॉर्स्ट, डबा म्हणजे ग्नायझेनाऊ, या दोन जर्मन युद्धनौका. चष्म्याचं घर म्हणजे प्रिन्झ ऑयगेन ही क्रूझर. तिन्ही फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात अडकलेल्या. हिटलरला त्या जर्मनीत परत हव्या होत्या. लांबचा रस्ता ब्रिटनला वळसा घालून, जवळचा रस्ता ब्रिटनच्या नाकासमोरून, इंग्लिश खाडीतून. जर्मनांनी जवळचा घेतला. ब्रिटिशांचा हिशेब होता की ही जहाजं डोव्हरची सामुद्रधुनी रात्री ओलांडतील, म्हणजे ब्रेस्टहून दिवसा निघतील. ती ११ तारखेच्या रात्री निघाली आणि डोव्हरसमोर भर दुपारी बाराच्या सुमारास आली. ब्रिटिश रडारांवर जर्मन कित्येक दिवस थोडा थोडा व्यत्यय वाढवत होते, इतका हळूहळू की माणसांना ती यंत्राचीच कुरकुर वाटावी.

"दूध उतू जाताना आच वाढवत नाहीत, कमी करतात," आत्या म्हणाली. मला हे नीट कळलं नाही, पण काकांनी मान डोलावली.

सकाळी पावणेअकराच्या सुमारास दोन ब्रिटिश वैमानिकांना जहाजं दिसली. बीमिश आणि बॉइड, दोघेही मोठ्या हुद्द्याचे. रेडिओवर बोलायचं नाही असा दंडक. तो त्यांनी पाळला. परत येऊन उतरले आणि मग सांगितलं. त्यात वीसेक मिनिटं गेली. काका इथे हळूच म्हणाले, "नियम पाळणारा माणूस कधीकधी फार महाग पडतो."

आता चिंचोके. सोर्डफिश. कापड ताणून बसवलेलं, दोन मजली पंखांचं, उघड्या बैठकीचं विमान. पायलट, दिशा पाहणारा आणि मागे मशीनगनवाला, असे तिघे. पोटाखाली सुमारे सातशे तीस किलोचा टॉर्पेडो. तो घेऊन ते ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चालायचं. आपली गाडी द्रुतगती मार्गावर याहून फार मागे पडत नाही! ही सहा विमानं केंटमधल्या मॅन्स्टन तळावर होती आणि त्यांचा म्होरक्या होता युजीन एस्मंड. आदल्याच वर्षी बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेवरच्या हल्ल्यात याने सोर्डफिश नेलेली होती. त्याबद्दलचं पदक त्याने आदल्या दिवशी, ११ तारखेला, बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन घेतलं होतं.

त्याला सोबत कबूल केली होती पाच स्क्वाड्रनांची. दोन हॉर्नचर्चहून, ती पुढे जाऊन जहाजांवरच्या तोफांना गुंतवणार. तीन बिगिन हिलहून, ती डोक्यावर छत धरणार: ७२, १२४ आणि कॅनडाचं ४०१.

मी १२४ म्हटलं आणि थांबलो. आत्याने विचारलं, "म्हणजे आपलं?"

आपलं.

मी दहा कवड्या मॅन्स्टनवर ठेवल्या. ठरलेली वेळ साडेबाराच्या थोडी आधीची. त्या वेळेला आलं ते फक्त ७२, दहा स्पिटफायर, ब्रायन किंगकम पुढे. बाकीच्यांना काही मिनिटं उशीर होणार, असा निरोप आलेला. जमिनीवर बर्फ होतं. तळाचा प्रमुख टॉम ग्लीव्ह, ज्याचा चेहरा १९४० च्या हवाई लढाईत भाजून निघाला होता, तो त्या बर्फात उभा राहून एकेका सोर्डफिशला सलाम करत होता. एस्मंडने रॅम्सगेटवर थोडा वेळ घिरट्या घातल्या. मग त्याने समुद्राकडे नाक वळवलं. जहाजं दर मिनिटाला लांब जात होती, थांबला असता तर तीही हातची गेली असती.

"बरोबरच केलं," आत्या म्हणाली. मग जरा वेळाने, "पण आपले कुठे होते?"

याचं उत्तर मी पुण्यापासून शोधतोय. काकांनी ते फिटरच्या बाजूने सांगितलं, आणि मला ते पुस्तकांपेक्षा जास्त पटलं. तळावर हुकूम येतो तेव्हा विमान असतं कुठे? कुठलं तयार, कुठलं इंजिन उघडून ठेवलेलं, कुठल्याची गन गरम करायची. वैमानिक जेवायला गेलेले. हवामान वाईट, ढग खाली उतरलेले. त्यात मोहीम इतकी गुप्त ठेवलेली की नेमकं काय चाललंय हे बहुतेकांना धड सांगितलेलं नव्हतं. "घाई कशाची ते माहीत नसलं की माणूस घाई करतो, पण पळत नाही," काका म्हणाले. नवीन लग्न झालेल्या मुलाला सासुरवाडीला बोलावलंय एवढंच सांगितलं तर तो दाढी करून निघेल; सासरे आजारी आहेत म्हटलं तर तसाच.

मग त्यांनी सोबतीची अडचण मांडली. कवडी हातात घेऊन चिंचोक्याच्या बाजूने सरकवून दाखवली. स्पिटफायर आरामात चालतं तेव्हाही सोर्डफिशच्या दुप्पट वेगाने चालतं. हळू केलं तर हवेतून गळून पडायची भीती, आणि हळू उडणारं लढाऊ विमान म्हणजे बसलेलं बदक. म्हणून ते सरळ जाऊच शकत नाही. चिंचोक्याच्या वर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नागमोडी फिरत राहायचं, जणू म्हातारीला रस्ता ओलांडून देणारं कुत्रं. दर वळणाला पाठ चिंचोक्यांकडे होते. नेमकं त्याच वेळी वरून सुपारीचं खांड पडलं तर?

पडलंच. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेल्यावर जर्मन मेसरश्मिट आणि फोके-वुल्फ १९० तुटून पडली. फोके-वुल्फ १९० तेव्हा नवी होती आणि आपल्या स्पिटफायर पाचव्या आवृत्तीपेक्षा वेगात व चढाईत सरस. स्पिटफायरच्या दोन वीस मिलिमीटरच्या तोफा, प्रत्येकीत फक्त ६० गोळ्या. घोडा दाबून ठेवला तर सहा सेकंदांत संपल्या. त्यानंतर चार साध्या मशीनगन. दहा कवड्या लढायला वळल्या की चिंचोके उघडे पडले, नाही वळल्या तर स्वतःच्याच शेपटीवर खांड बसलं. किंगकमच्या माणसांनी जर्मन विमानं अंगावर घेतली, पांगवली, आणि त्या गर्दीत ढगाखाली त्यांची व सोर्डफिशची ताटातूट झाली. मी कवड्या एकेक करून पटाच्या कडेला सरकवत गेलो. आत्या एक कवडी परत आत ढकलत होती. "ही राहू दे."

पुढचं मी भरभर सांगितलं. सोर्डफिश पाण्यापासून जेमतेम पंधरा मीटर वर. एवढी हळू की त्यांच्यामागे राहण्यासाठी जर्मन वैमानिकांनी चाकं आणि फ्लॅप खाली सोडले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. जहाजांच्या तोफा समोरून, विमानं मागून. एस्मंडचं विमान सगळ्यांत आधी कोसळलं. मागच्या तीन विमानांच्या तुकडीतलं तर कोणीच परत आलं नाही. सहाच्या सहा विमानं गेली. अठरा माणसांपैकी पाच वाचले. एकही टॉर्पेडो लागला नाही. एस्मंडचा देह एप्रिलच्या शेवटी टेम्सच्या मुखापाशी सापडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१२४ आणि ४०१ पोचली, समुद्रावरही गेली, पण सोर्डफिशशी त्यांची गाठ पडली नाही.

पटावर सहा चिंचोके उलटे पडलेले. काका चुन्याची डबी बंद करत होते, तेवढाच आवाज. शेजारच्या मुलाने डोकावून विचारलं, कोण जिंकलं? आत्या म्हणाली, "जा रे, अभ्यास कर."

चौथा दिवस

पहाटे आत्याने उठवलं. माघातला नामसप्ताह चालला होता आणि तिला विठ्ठल मंदिरात पाच मिनिटं डोकं टेकायचं होतं. डोळ्याला धूळ लागायला नको म्हणून रिक्षाने गेलो. आत अंधारा गारवा, समईचा वास, आणि एक मध्यमवयीन गृहस्थ गळ्यात वीणा घालून उभे. तारेवर बोट, तोंडात नाम. त्यांचा पहारा संपत आला होता. पुढचे वीणेकरी आधीच येऊन, पाय धुऊन, शेजारी हात जोडून उभे होते. दोघं काही वेळ बरोबरच उभे राहिले. मग दुसऱ्याने पहिल्याच्या पायाला हात लावला, वीणा गळ्यातून गळ्यात गेली, तार क्षणभरही गप्प झाली नाही.

आत्या बाहेर येऊन चपला शोधताना म्हणाली, "काल रात्रभर डोक्यात तेच. त्या जर्मनांच्या जहाजावर कोण होतं राखायला?"

मी म्हटलं, तेच तर मी सांगायचं विसरलो. जर्मन लढाऊ विमानांची जबाबदारी आडोल्फ गालांडकडे होती. त्याने अडीचशेच्या वर विमानं किनाऱ्याकिनाऱ्याने पेरली होती आणि जहाजांवर सतत किमान सोळा राहतील असं वेळापत्रक बांधलं होतं. नवी तुकडी जुनी निघण्याच्या दहा मिनिटं आधी यायची. त्या दहा मिनिटांत डोक्यावर दुप्पट, बत्तीस.

आत्या थांबली. "म्हणजे पहारा," ती म्हणाली. "येणाऱ्याने आधी यायचं. जाणाऱ्याने वाट बघायला लागता कामा नये. आमच्याकडे तर वीणेकरी घड्याळ बघायला लागला की पुढच्याला शिव्या बसतात." आणि मग, शत्रूचं कौतुक झालं असं वाटून की काय, "हिटलरचं असलं तरी," असं जोडून ती रिक्षात बसली.

मी आजवर या लढाईवर जे वाचलं त्यात सगळा भर ब्रिटिशांच्या उशिरावर. कोणी बोलला नाही, कोणी ऐकलं नाही, कोणी रडारची कुरकुर यंत्रावर ढकलली. आत्याने एका वाक्यात दुसरी बाजू काढून दिली. एस्मंडला साठेक विमानांचं वचन होतं आणि वेळ एकच. एक काटा हुकला की सगळं हुकलं. गालांडकडे वचन सोळाचंच होतं, पण त्याच्या वेळापत्रकात उशिराला आधीच दहा मिनिटं दिलेली होती. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. कॅश काउंटरवर आम्ही तेच करायचो.

दुपार खंडेराव मार्केट आणि मंगळ बाजारात गेली. ओला चिवडा, भाखरवडी, पेंडे, पुण्याला न्यायची यादी. पुण्याची भाखरवडी बरी की बडोद्याची यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तो मी घातला आणि हरलो. संध्याकाळी विश्वामित्रीच्या पुलावर माणसं कठड्याला टेकून खाली बघत होती. मगर आली होती काठावर. भर शहरात, वाहतुकीच्या खाली, चिखलाच्या रंगाची, ढिम्म. पंधरा मिनिटांत हललीसुद्धा नाही. कठड्यावरचं कोणी हललं नाही तसंच.

रात्री आत्याने विचारलं, आपल्या स्क्वाड्रनचं पुढे काय झालं. सांगितलं. उरलेली लढाई ते फ्रान्सवर जाणाऱ्या बॉम्बर विमानांच्या राखणीला उडत राहिलं. १९४२ च्या उन्हाळ्यात उंचावर लढण्यासाठी बनवलेली खास स्पिटफायर मिळाली, हवाबंद केबिनची. त्याच ऑगस्टमध्ये डिएप, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा हल्ला. १९४४ मध्ये ब्रिटिश बॉम्बर दिवसाढवळ्या जायला लागले तेव्हा त्यांच्याबरोबर. १९४५ च्या सुरुवातीला हॉलंडमधल्या जर्मनांच्या व्ही-२ रॉकेटांच्या जागांवर स्वतःच बॉम्ब टाकायला. लढाई संपता संपता मीटियर जेट आली. १ एप्रिल १९४६ ला त्याला ५६ हा आकडा मिळाला आणि १२४ संपलं. तीन वर्षांनी, १ मे १९४९ ला, बडोदे संस्थानही मुंबई इलाख्यात विलीन झालं.

"त्यानंतर नाही ना कोणाला उशीर झाला?" आत्याने विचारलं. मी म्हटलं, ते कोणी लिहून ठेवत नाही. जे बॉम्बर सुखरूप परत येतात त्यांच्या सोबतीची गोष्ट होत नाही.

पाचवा दिवस

सकाळी काकांबरोबर स्कूटरवर मकरपुऱ्याला. तिथला गायकवाडांचा राजवाडा आता वायुदलाच्या ताब्यात आहे, आत जाता येत नाही. फाटकापलीकडे झाडं, त्यापलीकडे कमानींची एक ओळ. काकांनी स्कूटर बंद न करताच सांगितलं, इथे राहायचो, इथे कँटीन. गावात आता विमानांचा कारखानाही आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्‌घाटन झालेला, सी-२९५ नावाची मालवाहू विमानं बनवणारा. वायुदलाला हवी असलेल्या ५६ पैकी ४० इथे व्हायची आहेत. काका याबद्दल जास्त उत्साहाने बोलले. माझं मन ऐंशी वर्षं मागे असल्याने मी नुसतं हं हं करत होतो, आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

निघताना आत्याने पिशवीत चिवड्याच्या पुड्यांखाली एक पुरचुंडी ठेवली. गाडीत उघडून बघ म्हणाली. आणि शेजारचा तो मुलगा, अभ्यासाला पिटाळलेला, त्याला माझ्याबरोबर स्टेशनवर पाठवलं. मी म्हटलं, अगं, मी साठीचा आहे. "असशील. गाडी हलेपर्यंत थांब रे," हे त्याला.

गाडीला पन्नास मिनिटं उशीर. मुलगा बाकावर बसून फोनवर खेळत होता. दोनदा मी त्याला जा म्हटलं, दोनदा त्याने मान न उचलता "ना" म्हटलं. गाडी आली, मी चढलो, तो खिडकीशी उभा. काच बंद, त्यामुळे बोलणं नाही. डबा हलला तेव्हा त्याने फोन कानाला लावलेला दिसला. आत्याला कळवत असणार.

सुरतेच्या अलीकडे पुरचुंडी सोडली. आत सहा चिंचोके होते.